पायरी सातवी

शिपाई मामांनी पंखा बंद केला. पात्यांचा खडखडाट मंदावत मंदावत थांबला, तशी पत्र विभागातली सगळी माणसं हातातलं काम ठेवून भाऊंकडे पाहू लागली. भाऊंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, पडद्यावरचं चार ओळींचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग डाव्या हाताखालच्या वहीतली नववी पायरी वाचली.

"वरच्या पट्टीत डावीकडून पहिला शब्द. बाण तिथे न्यावा."

बाण वर गेला. तिथे पहिला शब्दच नव्हता. दुसराही नव्हता. शनिवार-रविवारच्या सुट्टीत कंपनीची माणसं येऊन सगळ्या संगणकांवर नवं सॉफ्टवेअर चढवून गेली होती. जुन्या ओळखीच्या शब्दांच्या जागी आता रंगीत चौकोनांची रांग होती. भाऊंनी बाण डावीकडून उजवीकडे नेला, मग उजवीकडून डावीकडे आणला. वहीचं पान उलटलं, परत उलटलं. मामा पंख्याच्या बटणावर हात ठेवून उभेच होते आणि खोलीतला उकाडा वाढत होता.

"चालू करू का भाऊ?" मामांनी विचारलं.

"थांबा जरा," भाऊ म्हणाले. पण पुढे काय करायचं ते वहीत नव्हतं.

परीक्षा कार्यालयाच्या या विभागात ती वही म्हणजे शेवटचा शब्द होता. बारा वर्षांपूर्वी यंत्रं आली तेव्हा शिकवायला तीन दिवसांसाठी एक सर आले होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या, भाऊंनी लिहून घेतलं. सरांनी सांगितलं ते लिहिलं, सरांनी केलं तेही लिहिलं, जसंच्या तसं, आकडे घालून. दोनशे पानी वही भरली. पुढे कुणाचं काही अडलं की तो माणूस भाऊंच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा, भाऊ वही उघडून पायऱ्या वाचायचे आणि काम व्हायचं. पाठीमागे त्यांना सगळे 'गाईड' म्हणत. भाऊंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

छपाईच्या प्रकरणात सातवी पायरी होती, 'पंखा बंद करणे'. आठवी, 'पत्र एकदा मोठ्याने वाचणे'. नववीपासून प्रत्यक्ष छपाई. पंखा का बंद करायचा, हे वहीत नव्हतं, कारण वहीत कशाचंच कारण नव्हतं. पण नव्यानं बदलून आलेल्या माणसानं विचारलंच तर भाऊ गंभीरपणे सांगत, "पंखा वीज ओढतो. यंत्राला कमी पडते." त्यावर कुणी वाद घातला नव्हता. पंखाही मोठा जुना होता, वीज ओढत असेल असं त्याच्या आवाजावरून वाटायचंच.

वहीच्या पहिल्या पानावर जुन्या पट्टीतले सगळे शब्द ओळीनं उतरवून प्रत्येकापुढे त्याचं काम लिहिलेलं होतं. शेवटचा शब्द होता 'मदत'. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'वेळेअभावी राहिले'. सरांच्या गाडीची वेळ झाली होती. सरांनी सांगितलं नाही, म्हणून भाऊंनी बारा वर्षांत त्या शब्दाला हात लावला नव्हता.

त्याच दुपारी साहेबांनी भाऊंना आत बोलावलं. एका परीक्षा केंद्राची इमारत अचानक बंद पडली होती आणि तिथल्या तीनशे बारा मुलांची बैठक दुसऱ्या ठिकाणी हलवायची होती. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र जाणार होतं, त्यात ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा क्रमांक आणि ज्याची त्याची खोली.

"शुक्रवारी दुपारपर्यंत टपालात पडली पाहिजेत," साहेब म्हणाले. "मसुदा मी स्वतः लिहून दिलाय. नव्या यंत्रावर जमेल ना?"

"जमेल की," भाऊ म्हणाले.

"नसेल जमत तर आजच सांगा. बाहेरून करून घेऊ. आणि एक सुचतंय बघा. निवृत्तीपर्यंतचे चार महिने तुम्ही खाली तळघरात रेकॉर्डला बसलात तरी चालेल. तिथे निवांत असतं."

साहेब हे अगदी आपुलकीनं म्हणाले. त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर भाऊंना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी घरी जेवताना भाऊंचं लक्ष ताटात नव्हतं. बायकोनं दोनदा भाजी वाढली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"काय बिनसलंय?" तिनं विचारलं.

त्यांनी सांगितलं.

"मग विचारा ना कुणाला तरी. त्या नव्या बाई आल्यात म्हणत होता ना वरच्या मजल्यावरून?"

"मी विचारू?" भाऊ म्हणाले. "अगं, तिथे सगळे मला विचारतात."

भाऊंना तळघराचं भय नव्हतं. तिथे खरंच निवांत असेल. पण तिथवर जिना उतरून काही विचारायला कुणी येणार नाही, हे त्यांना दिसत होतं आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला, तरी भाऊ डबा न उघडता यंत्रापुढे बसले. नव्या पट्टीतल्या चौकोनांची नावं वहीत लिहून काढावीत असा त्यांचा विचार होता. वही नीट दिसावी म्हणून त्यांनी ती कळफलकाच्या वरच्या कडेवर टेकवली. वहीचा पुठ्ठा जाड होता आणि त्याचा कोपरा बरोब्बर डावीकडच्या एफ वन कळीवर बसला.

पडद्याच्या उजव्या बाजूला एक पांढरी पट्टी सरकत आली. आपण काहीतरी मोडलं, असंच भाऊंना वाटलं. आधी त्यांनी दाराकडे पाहिलं, मग वही उभी धरून ती पट्टी झाकली, आणि थोड्या वेळानं वही हळूच बाजूला करून वाचलं.

वर लिहिलं होतं, 'मदत'. खाली एक रिकामी चौकट होती आणि चौकटीत फिकट अक्षरांत एकच प्रश्न होता. 'तुम्हाला काय करायचे आहे?'

इतक्या वर्षांत त्यांना यंत्रानं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. भाऊंनी सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि दोन बोटांनी टंकायला घेतलं. 'महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तीनशे बारा परीक्षार्थींना स्वतंत्र पत्रे पाठवावयाची असून त्याबाबत योग्य ते मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.'

चौकटीखाली उत्तर उमटलं. 'काही सापडले नाही.'

भाऊंना उत्तराचा राग आला नाही. कार्यालयात पहिल्या अर्जाला असंच उत्तर येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी अर्ज थोडा लांबवला, शेवटी 'आपला विश्वासू' घातलं आणि पुन्हा पाठवला. तोवर जिन्यात पावलं वाजली. त्यांनी घाईघाईनं ती पट्टी बंद केली आणि डबा उघडला.

बुधवारी ते तासभर आधी आले. मामा नुकतेच कुलूप काढून झाडायला लागले होते. भाऊंनी वहीचा कोपरा नेमक्या त्याच कळीवर टेकवला, कारण बोटानं दाबली तर तेच होईल याची त्यांना खात्री नव्हती. पट्टी आली. ते पुन्हा 'महोदय'पासून सुरुवात करणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"त्याला अर्ज नाही कळत भाऊ. एखाद-दोन शब्दच लिहायचे."

नव्या बाई होत्या. हातात पाण्याची बाटली, खांद्याला अजून पिशवी. भाऊंचा हात वहीकडे गेला, पण आता झाकण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"आमच्या मजल्यावर सगळे हीच कळ दाबतात."

"मग सोमवारी का नाही बोललात? मी तिथे घामानं भिजत उभा होतो."

बाईंनी पिशवी खुर्चीला अडकवली. "सोमवारी सगळे तुमच्याकडे बघत होते," त्या म्हणाल्या आणि बाटली भरायला निघून गेल्या.

आपल्याला मान दिला गेला की आपली कीव केली गेली, हे भाऊंना ठरवता येईना. मग त्यांनी चौकटीत लिहिलं, 'एक पत्र अनेक नावे'.

उत्तर आलं. आकडे घातलेल्या पायऱ्या होत्या. पहिली, दुसरी, तिसरी, अगदी भाऊंनी लिहाव्यात तशा. एखाद्या अनोळखी माणसाच्या घरी आपल्याच घरासारखी मांडणी दिसावी तसं त्यांना झालं. त्यांनी नवं पान काढलं आणि उतरवून घ्यायला सुरुवात केली. पडदा कंटाळत नव्हता. तीच पायरी चार वेळा उघडली तरी चौथ्यांदाही तो पहिल्यासारखंच सांगत होता. सरांचं तसं नव्हतं, तिसऱ्या प्रश्नाला ते घड्याळ बघायचे.

गुरुवार सकाळपर्यंत नावांची यादी पत्राला जोडून झाली. एक कळ दाबली की पडद्यावर पहिल्या मुलाचं पत्र यायचं, पुन्हा दाबली की दुसऱ्याचं, क्रमांक आणि खोलीसकट. भाऊंनी ती कळ तीनशे बारा वेळा दाबून पाहिली. एकही नाव चुकलं नव्हतं. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि हात मोकळा झाल्यावर त्यांनी छपाईचं जुनं प्रकरण नव्या मदतीशी ताडून पाहायला घेतलं. सातव्या पायरीपाशी येऊन ते थांबले.

चौकटीत त्यांनी लिहिलं, 'पंखा'.

'काही सापडले नाही. शब्द तपासून पाहा.'

त्यांनी शब्द तपासला. बरोबर होता. त्यांनी 'छपाईपूर्वी पंखा' असं लिहून पाहिलं, मग 'वीज कमी पडणे'. छपाईवरची सगळी पानं शेवटपर्यंत वाचली. कागद अडकला तर काय करावं, शाई संपली तर काय करावं, सगळं होतं. पंखा कुठेच नव्हता.

भाऊंचे कान गरम झाले. बारा वर्षं दिवसातून पाच-सहा वेळा ही माणसं आपल्या सांगण्यावरून उकाड्यात बसली होती. शेजारच्या टेबलावर टंकलेखन करणाऱ्या ताई तर दर उन्हाळ्यात दोन रुमाल आणायच्या. एक शब्द कुणी बोललं नव्हतं. भाऊंनी पेन्सिल घेतली, सातव्या पायरीवर आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

शुक्रवारी अकराच्या सुमारास साहेब स्वतः विभागात आले. भाऊंनी पडद्यावर पहिलं पत्र आणलं, दुसरं आणलं, तिसरं आणलं. साहेबांनी समाधानानं मान हलवली. ताई जागेवरून उठून पाहायला आल्या. "बघा, भाऊंनी केलंच," त्या म्हणाल्या. मामा सवयीनं उठले आणि बटणाकडे निघाले.

"मामा, राहू दे," भाऊ म्हणाले.

मामा थांबले.

"पंख्याचं काही लागत नाही." हे बोलायचं असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं, तरी शब्द जड जात होते. "कधीच लागत नव्हतं. माझ्या वहीत चुकून आलं. आणि हे पत्रांचंही मला काही येत नव्हतं. ही डावीकडची कळ दाबली की इथे मदत येते. हवं ते विचारा, पायऱ्यांसकट सांगते. तुम्हालाही सांगेल. मला विचारायचं कारण नाही." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. नव्या बाई पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहत होत्या.

पंख्याच्या खडखडाटात मामा बटणापासून मागे फिरले.

"ते ठाऊक आहे की, भाऊ," मामा म्हणाले.

"कळीचं?"

"कळीबिळीचं मला काय कळतंय. पंख्याचं. पहिल्याच वर्षी एकदा मी विसरलो होतो बंद करायला. छपाई झाली की व्यवस्थित."

भाऊंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी रुमालानं मान पुसली आणि नजर दुसरीकडे वळवली. त्यांनाही ठाऊक होतं तर.

"मग इतकी वर्षं?" भाऊंनी विचारलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"चला, घ्या छापायला," ते म्हणाले.

आठवी पायरी तेवढी उरली होती. ती मदतीतही नव्हती, पण तिच्यावर रेघ मारायचं भाऊंच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी पहिलं पत्र वाचायला घेतलं. "कळविण्यात येते की, आपले परीक्षा केंद्र काही अपरिहार्य कारणास्तव..."

"काय?" ताई पुढे वाकल्या.

भाऊंनी आवाज चढवला. पंख्यानंही जणू चढवला. साहेबांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "मोठ्यानं वाचा, ऐकू येत नाही."

मामा कुणाची वाट न पाहता गेले आणि त्यांनी बटण बंद केलं. पाती मंदावली, थांबली. बारा वर्षांपूर्वीची दुपार भाऊंना अचानक आठवली. सरांच्या गळ्याला मफलर होता. भर उन्हाळ्यात मफलर, म्हणून तर तो लक्षात राहिला होता. घसा पार बसलेला, तोंडात गोळी, आणि पत्र वाचायला घेताना त्यांनी हातानंच वर पंख्याकडे खूण केली होती. भाऊंनी ते लिहून घेतलं होतं. सरांचा घसा तेवढा लिहायचा राहिला होता.

"वाचा भाऊ," मामा म्हणाले. "बंद असला की तुमचं ऐकू येतं. म्हणून तर बंद करतो."

"माझ्या निम्म्या चुका तेव्हाच कळतात," ताई म्हणाल्या.

भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. आता खोलीत दुसरा आवाज नव्हता. केंद्राचं नवं नाव वाचलं, खोली वाचली. "तरी आपण मंगळवार, दिनांक चौदा रोजी सकाळी साडेनऊ वाजता..."

"थांबा," साहेब म्हणाले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. मग चार पावलं चालून ते त्याच्याजवळ गेले आणि बोट लावून पाहिलं. "चौदा तारखेला बुधवार आहे."

मसुदा साहेबांनी स्वतः लिहिला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंनी तो अक्षरशः तसाच उतरवला होता, पडद्यावर तीनशे बारा वेळा पाहिला होता, आणि त्या गडबडीत नावं, क्रमांक आणि खोल्या सोडून बाकी काही वाचलं नव्हतं. निम्मी मुलं मंगळवारी येऊन बंद दारापाशी उभी राहिली असती. भाऊंनी साहेबांकडे न पाहता एक शब्द खोडला, दुसरा लिहिला आणि ओळ पुन्हा वाचली. ती बदलली की तीनशे बाराही बदलल्या.

पत्रं बाहेर पडू लागली तेव्हा पंखा बंदच होता. मामांनी तो चालू करण्याची घाई केली नाही आणि भाऊंनीही सांगितलं नाही. साहेब शेवटचा गठ्ठा बांधेपर्यंत तिथेच उभे राहिले. जाताना दाराशी वळून म्हणाले, "ते तळघराचं राहू द्या. इथेच बसा."

दुपारी टपाल गेल्यावर ताई वहीच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, पानांना आकडे कसे घालायचे हो?"

"ती कळ दाबा ना. सांगितलं ना सकाळी."

"दाबली. सांगितलंय तिनं सगळं." ताई हलल्या नाहीत. "तुमच्या वहीत काय आहे ते बघा."

भाऊंनी चष्मा नाकावर आणला आणि वही उघडली. पानांच्या आकड्यांचं प्रकरण शोधताना छपाईचं पान आडवं आलं. त्यांनी खोडरबर घेतलं, सातव्या पायरीवरची पेन्सिलीची रेघ सावकाश पुसून काढली आणि पानावर फुंकर मारली. मग पेन उघडून 'पंखा बंद करणे' याच्या पुढे कंसात तीन शब्द लिहिले.

"काय लिहिलंत?" ताईंनी वाकून पाहिलं.

'सगळ्यांना ऐकू यावे'.